अकरा पॉइंट नव्व्याण्णव

माझी थोरली लेक २६ ऑक्टोबर २०२५ ला बारा वर्षांची झाली. ही तारीख मी ठाण्यातल्या एका ट्रॅव्हल एजंटच्या ऑफिसात इतक्यांदा सांगितली आहे, की तिच्या जन्माच्या वेळी हॉस्पिटलातही इतक्यांदा सांगावी लागली नसेल. जूनमध्ये मालदीवच्या सहलीची चौकशी करायला गेले आणि बुकिंग हातात पडलं ते गणपतीच्या तोंडावर. मधले अडीच महिने गेले ते तिच्या वयापायी.

बेत सरळ होता. भाऊबीज २३ तारखेला, ती आटोपली की त्याच रात्री घोडबंदर रोडवरून विमानतळ, २४ ला मालदीव, चार रात्री राहून २८ ला परत. माणसं पाच. आम्ही दोघं, सासूबाई, थोरली आणि चार वर्षांचा धाकटा. सासूबाई ७६ वर्षांच्या, माहेर रत्नागिरीकडचं, त्यामुळे समुद्राचं त्यांना अप्रूप नाही. पण "तळ दिसतो असलं पाणी एकदा बघायचंय" असं त्या दोनदा म्हणाल्या, आणि आमच्याकडे त्या कुठलीच गोष्ट दोनदा म्हणत नाहीत. नवऱ्याने एक एफडी मोडली.

तिकडे बहुतेक रिसॉर्ट म्हणजे एक अख्खं बेट असतं. गेट उघडून कोपऱ्यावर वडापाव खायला जायची सोय नाही. खाणं, खोली, बेटापर्यंतची बोट किंवा सीप्लेन (पाण्यावर उतरणारं छोटं विमान), सगळं इथूनच ठरवून जायचं. आम्ही दोन बेडरूमचा, दार उघडलं की थेट वाळूत पाय असा फॅमिली व्हिला पसंत केला. मर्यादा लिहिली होती, मोठी माणसं तीन आणि मुलं दोन. जणू आम्हाला मोजूनच बांधला होता. पासपोर्ट आणि विमानाची तिकिटं यांचं सांगण्यासारखं काही नाही, ते झालं.

अडलं ते रेटकार्डावरच्या एका ओळीत. मूल म्हणजे २ ते ११.९९ वर्षं. मला वाटलं छपाईची चूक. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, बारा कम्प्लीट नको, एवढंच." मग विचारलं, "बेबीचं वय?" मी आपलं घरच्यासारखं सांगितलं, "बारावं चालू आहे." त्याने फॉर्मवर १२ लिहिलं. बारावं लागलं म्हणजे अकरा पूर्ण, असं म्हटल्यावर ते खोडून ११ केलं. मग पासपोर्टची झेरॉक्स पाहिली, आकडे बोटांवर मोजले, आणि पेन खाली ठेवलं. "मॅडम, ही तर तिकडे गेल्यावर बारा होते."

त्याने तारखा कॉम्प्युटरात घालून स्क्रीन माझ्याकडे वळवली. २४ आणि २५ च्या रात्री हिरव्या, २६ आणि २७ च्या लाल. म्हणजे आम्ही जाताना तीन मोठे आणि दोन लहान, पण रविवारी सकाळी उठल्यावर चार मोठे आणि एक लहान. व्हिला तोच, पलंग तेच, पोरगी तीच. पण सिस्टीम म्हणत होती की आता दोन व्हिला घ्या. फरक दोन लाख ऐंशी हजारांचा.

"सिस्टीम घेत नाहीये, मॅडम."

मी स्वतः बँकेत काउंटरच्या आतल्या बाजूला बसते. हे वाक्य मी दिवसातून चार वेळा म्हणते. समोरच्या खुर्चीत बसून ते ऐकताना कसं वाटतं, ते त्या दिवशी कळलं.

त्या ऑफिसात पुढे मी सहा वेळा गेले. भिंतीवर तीन घड्याळं होती, लंडन, दुबई आणि सिंगापूर. सिंगापूरचं बंद होतं, तिथे कायम पावणेचार. दर वेळी उत्तर एकच, "मेल टाकलाय." कोणाला टाकलाय हे मला तिसऱ्या खेपेला समजलं. ठाण्याचं ऑफिस मेल टाकतं मुंबईतल्या मोठ्या एजंटला, तो टाकतो मालदीवच्या राजधानीतल्या, मालेतल्या त्यांच्या माणसाला, तो रिसॉर्टला. स्लो लोकल, प्रत्येक स्टेशनला थांबणार. आणि प्रत्येक स्टेशनवर प्रश्न थोडा बदलायचा. मी विचारलेलं, "वय कुठल्या दिवशीचं धरता?" आठ दिवसांनी उत्तर आलं, "वाढदिवसाच्या केकचे ४५ डॉलर वेगळे."

त्यांनी सुचवलेले उपाय सांगते, म्हणजे कोणी हेच सुचवलं तर तुम्ही तयार असाल. एक, "वय दहा टाकू, कोण बघतंय?" बघतात. सीप्लेनच्या काउंटरवर पासपोर्ट दाखवावा लागतो आणि त्यावर जन्मतारीख ठळक असते. दोन, २६ ला सकाळीच परत या. तीन, सगळी ट्रिप चार दिवस अलीकडे घ्या, म्हणजे लक्ष्मीपूजन बेटावर. हे मी सासूबाईंना विचारलंसुद्धा नाही.

त्यांना मुळात हा प्रश्नच कळत नव्हता. "एसटीत बारापर्यंत अर्धं तिकीट असतं. तुझा नवरा तेरा पूर्ण होऊन गेला तरी कंडक्टर आला की पाय पोटाशी घेऊन बसायचा." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "आणि तिकडे पंचाहत्तरच्या वर फुकट नाही का?" त्यांना एसटीचा फुकट प्रवास मिळू लागल्यापासून बाकीचं जग त्यांना कंजूष वाटतं.

नवऱ्याने मात्र गणित मांडलं. २४ ऑक्टोबरला ती ११ वर्षं आणि ३६३ दिवसांची. ३६३ भागिले ३६५ म्हणजे ०.९९४५. तेव्हा चेक-इनच्या दिवशी तिचं वय बरोबर ११.९९! हे त्याने कागदावर लिहून दिलं, मी तो कागद ऑफिसात नेला, आणि मुलाने तो खरोखर स्कॅन करून पुढे पाठवला. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

मधल्या काळात भावही वर गेला. जूनमधल्या कोटेशनमध्ये पर्यटनावरचा तिथला जीएसटी १६ टक्के धरला होता, तो १ जुलै २०२५ पासून १७ झाला. तो त्यांच्या सरकारचा निर्णय, एजंटला दोष नाही. पण त्यामुळे मला रेटकार्डावरची ती दोन अधिक चिन्हं समजली. किमतीपुढे "++" असेल तर आधी १० टक्के सर्व्हिस चार्ज चढतो आणि मग त्या वाढलेल्या रकमेवर जीएसटी. शंभर डॉलर लिहिलेल्या गोष्टीचे शेवटी १२८ डॉलर ७० सेंट मोजावे लागतात. शिवाय ग्रीन टॅक्स, रिसॉर्टमध्ये माणशी दिवसाला १२ डॉलर. २०२५ च्या सुरुवातीलाच तो ६ वरून दुप्पट झाला. दोन वर्षांखालच्या बाळाला तो नाही, पण चार वर्षांच्याला आहे. आमचे पाच जणांचे चार रात्रींचे २४० डॉलर नुसते त्यात गेले. कोटेशन घेताना "सगळं धरून, शेवटचा आकडा लिहून द्या" असं पहिल्याच दिवशी म्हणा. मी म्हटलं नव्हतं.

ऑगस्टच्या एका रात्री धाकटा तापाने फणफणलेला, झोप नव्हती. मी रिसॉर्टच्या स्वतःच्या साइटवर जाऊन आरक्षणाचा ईमेल शोधला आणि चार ओळी लिहिल्या. माणसं पाच, तारखा या, वाढदिवस हा, वय कुठल्या दिवशीचं धरता? सकाळी दहाला उत्तर. "आम्ही चेक-इनच्या दिवशीचं वय धरतो. संपूर्ण मुक्कामात आणि दोन्ही वेळच्या सीप्लेनमध्ये ती लहानच राहील. व्हिला एकच पुरेल. तिला शुभेच्छा." अडीच महिन्यांचं काम एका रात्रीत. मी ते तीनदा वाचलं आणि बँकेत जाताना रिक्षात चौथ्यांदा.

प्रिंट घेऊन ऑफिसात गेले तर तिथले मालक पहिल्यांदाच केबिनमधून बाहेर आले. नाराज! "मॅडम, तुम्ही डायरेक्ट मेल नको होता करायला, आमचं चॅनल डिस्टर्ब होतं." चॅनलमधून अडीच महिने काय वाहत होतं, असं विचारायचं होतं, पण बुकिंग त्यांच्याच हातात होतं, म्हणून गप्प बसले. सिस्टीम तरीही लालच होती. शेवटी ते मेल जोडून "मॅन्युअल" बुकिंग झालं, म्हणजे माणसाने माणसाला फोन केला. तेव्हा, मुलांचं वय काठावर असेल तर एजंटकडे जाण्याआधी रिसॉर्टला स्वतः विचारा आणि उत्तर लेखी घ्या. प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा असतो.

आता आठवेल तसं बाकीचं.

सीप्लेन फक्त उजेडी उडतं. एजंटने आधी आम्हाला दुपारचं विमान दिलं होतं. ते मालेला उतरेपर्यंत शेवटचं सीप्लेन निघून गेलं असतं, आणि एक रात्र विमानतळाजवळच्या हॉटेलात स्वतःच्या खर्चाने. सकाळचंच विमान घ्या. सीप्लेनमध्ये सामान माणशी २० किलो आणि हातात ५ किलो, वरचं तोलून पैसे घेतात. फराळाचे दोन डबे धरून आम्ही काठावर पास झालो.

मालदीवमध्ये शिरताना आणि निघताना प्रत्येकाचा 'इमुगा' नावाचा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो, मुलांचाही, प्रवासाच्या आधीच्या ९६ तासांत. तो फुकट आहे. आमच्या एजंटने माणशी पाचशे रुपये सांगितले होते, मी घरी बसून अर्ध्या तासात पाचही भरले. व्हिसा तिथे उतरल्यावर मिळतो, त्यालाही पैसे नाहीत.

पूजेची मूर्ती नेता येत नाही, कस्टमचा तसा नियम आहे. दारूही नाही. सासूबाईंचा बाळकृष्ण कुठल्याही गावाला त्यांच्या पिशवीत असतो. त्यांना हे सांगायची जबाबदारी नवऱ्यावर ढकलली. बाळकृष्ण चार दिवस शेजारच्या काकूंकडे राहिला, आणि रोज सकाळी काकू व्हॉट्सॲपवर त्याचा नैवेद्यासकट फोटो पाठवत होत्या.

पैसे भरताना पॅकेजवर ५ टक्के टीसीएस, म्हणजे एजंटने आपल्याकडून वर घेऊन सरकारकडे भरायचा कर, लागला, आम्ही भरले तेव्हा दहा लाखांपर्यंत तो दर होता. हे पैसे बुडत नाहीत, आयकर खात्याच्या २६एएस या आपल्या नावच्या तक्त्यात दिसतात आणि रिटर्न भरताना वळते होतात. पण ज्याला कर भरायचा असतो त्याच्याच पॅनवर बिल करा.

नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबरला झालं तेव्हा आमच्या सोसायटीत जो तो विचारत होता, "तिकडूनच ना?" विमानं सुरू झाली डिसेंबरच्या शेवटी. आम्ही आपले मुंबईच्या सहार विमानतळावर.

आणि घड्याळ. माले आपल्यापेक्षा अर्धा तास मागे. आमच्या रिसॉर्टने मात्र बेटावरची वेळ एक तास पुढे ठेवली होती, म्हणजे आपल्याहून अर्धा तास पुढे. परतीच्या सीप्लेनची वेळ कुठल्या घड्याळाची ते रिसेप्शनवर आदल्या रात्री विचारून घ्या. नवरा दोन्ही मोबाइल समोर ठेवून बसला होता.

पाऊस होता, तिकडचा ऑक्टोबर तसाच. पण पहिल्या दुपारी अर्धा तास उघडलं, आणि सासूबाई नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात उभ्या राहिल्या. पायाशी दोन बोटांएवढे पांढुरके मासे आले. त्या हलल्या नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "नखं दिसतायत."

२६ ला सकाळी न मागता केक आला, ४५ डॉलर न लावता. थोरलीने मेणबत्ती फुंकली आणि धाकट्याला घेऊन किड्स क्लबला पळाली. तिथे आदल्या दिवशी तिने शंखांचं एक झुंबर अर्धं करून ठेवलं होतं. दहा मिनिटांत परत आली, चेहरा लाल. क्लब चार ते अकरा वर्षांसाठी, आणि तिथल्या बाईंकडच्या यादीत वाढदिवस लिहिलेला. धाकटा आत, ही बाहेर. नवरा म्हणाला रिसेप्शनशी बोलतो, पण तीच नको म्हणाली. "बारा झाले ना मी." दुपारी त्या बाईच अर्धवट झुंबर आणि दोऱ्याचं रीळ व्हिलावर आणून देऊन गेल्या.

परतीच्या सीप्लेनच्या पासवर तिच्या नावापुढे 'चाइल्ड' छापलं होतं. लाउंजमध्ये बसल्या बसल्या तिने माझ्या पर्समधून पेन काढलं आणि तो शब्द, खाली पुस्तक धरून, नीट दोन रेघा मारून खोडला. सीप्लेनच्या तिकिटात १२० डॉलर वाचवणारा शब्द होता तो.