कालव्याकाठची फुलं आणि ओव्याच्या वासाची जिन

इंग्लंडमधल्या लीड्समध्ये आमच्या घरामागून लीड्स-लिव्हरपूल कालवा जातो. १८१६ साली तो पूर्ण झाला, लांबी दोनशे किलोमीटरहून थोडी जास्त. एकेकाळी कोळशाच्या होड्या घोडे ओढून नेत. घोड्यांची ती वाट आता आमच्या संध्याकाळच्या फेरीची. मे संपता संपता या वाटेवरच्या हवेला एक दिवस अचानक मध आणि पिकल्या द्राक्षांचा वास येऊ लागतो. वर पाहिलं की झुडपांवर तळहाताएवढे, मलईच्या रंगाचे, सपाट फुलांचे गुच्छ दिसतात. हे एल्डरफ्लॉवर. जेमतेम तीन-चार आठवड्यांचा बहर असतो, आणि मी वर्षभर त्याची वाट बघते, कारण या फुलांच्या सरबतात जिन हे मद्य आणि लिंबू घालून मी एक आंबट-गोड पेय करते.

ही फुलं मला शेजारच्या आजींनी दाखवली. इथल्या रीतीप्रमाणे आम्ही त्यांना नावानेच हाक मारतो, पण मनात माझ्यासाठी त्या आजीच. पहिल्या वर्षी मी पिशवी भरून फुलं आणली आणि आपण कोथिंबीर धुतो तशी नळाखाली स्वच्छ धुतली. सरबत गोड झालं, आंबट झालं, पण त्याला वासच नव्हता. आजींनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "लव, तू पराग धुऊन टाकलास." यॉर्कशरमध्ये भाजीवाल्यापासून बसड्रायव्हरपर्यंत सगळे असंच 'लव' म्हणतात. त्यांचं म्हणणं खरं होतं. या फुलाचा बराचसा सुगंध त्या पिवळ्या परागात असतो. म्हणून पाऊस पडून गेल्यावर तोडायचं नाही. दोन-तीन कोरडे दिवस गेल्यावर, सकाळी ऊन पडलं की तोडायचं. गुच्छ हलकेच झटकायचा, म्हणजे किडे निघून जातात, आणि तोडल्यावर दोन तासांत वापरायचा. उशीर झाला तर मधाचा वास जाऊन त्या जागी एक उग्र, मांजराची आठवण करून देणारा वास येतो.

रस्त्याकडेची फुलं तोडणं चोरीत मोडतं का, ही धास्ती मला होती. नव्या देशात असे प्रश्न सारखे पडतात. तर इंग्लंडच्या १९६८ च्या चोरीविषयक कायद्यातच लिहिलंय, की रानात आपोआप उगवलेल्या झाडाची फुलं, फळं किंवा पानं विकण्यासाठी नसतील तर तोडणं ही चोरी नाही. झाड मुळासकट उपटणं मात्र यात बसत नाही. तरी मी एका झुडपाचे चार-पाचच गुच्छ घेते. बाकीचे मधमाश्यांना, आणि पुढे सप्टेंबरात काळी फळं खाणाऱ्या पक्ष्यांना. गुच्छ कमरेच्या वरचेच घ्यायचे, कारण या वाटेवर कुत्री भरपूर.

ओळख मात्र पक्की हवी. कालव्याच्या काठी पांढऱ्या छत्रीसारखी फुलं येणारी बरीच झाडं आहेत आणि त्यात हेमलॉकसारखं जीवघेणं विषारी झाडही आहे. ती सगळी जमिनीतून हिरव्या, मऊ दांड्यावर उभी राहतात. एल्डर म्हणजे लाकडी खोडाचं झुडूप, साल खडबडीत, पानं एका काडीवर पाच किंवा सात. शंका आली की हात लावायचा नाही. एल्डरचे देठ आणि पानं पोटाला बाधतात, म्हणून कात्रीने फुलं जवळून कापून घ्यायची आणि जाड हिरवे देठ टाकून द्यायचे. दुसऱ्या वर्षी मी त्यात कंटाळा केला होता आणि सरबत कडवट झालं.

सरबताला इथे कॉर्डियल म्हणतात. एक लिटर पाण्यात एक किलो साखर विरघळेपर्यंत गरम करायची, गॅस बंद करून ते कोमट होऊ द्यायचं. मग वीसेक गुच्छांची फुलं, दोन लिंबांच्या साली आणि चकत्या, चाळीस ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून झाकून ठेवायचं. चोवीस तासांनी मलमलच्या फडक्यातून गाळायचं. चक्क्यासाठी दही बांधायचं माझं फडकं जूनमध्ये या कामाला लागतं. बाटल्या उकळत्या पाण्याने धुऊन घ्यायच्या. फ्रिजमध्ये हे काही आठवडे टिकतं, बाकीचं बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचं.

आता जिन. इथे राहायला आले तेव्हा जिन म्हणजे टॉनिक घालून प्यायचं काहीतरी एवढंच मला माहीत होतं. जिनचा कणा जुनिपर. ब्रिटनच्या मातीतले सूचिपर्णी वृक्ष तीनच, आणि जुनिपर त्यातला एक. आपण ज्याला जुनिपरचं फळ म्हणतो ते खरं तर त्याचं शंकू असतं आणि पिकायला दोन-तीन वर्षं घेतं. त्याचा वास पाइनसारखा, राळेसारखा, जोरकस. म्हणूनच या फुलाशी त्याची गाठ घालताना सांभाळावं लागतं. जुनिपर फार वर असलेली जिन घेतली तर एल्डरफ्लॉवर कुठल्या कुठे दबून जातं. मी साधी 'लंडन ड्राय' प्रकारची जिन, लिंबूवर्गीय सालींकडे झुकणारी घेते. वेगवेगळ्या फुलांचे वास लावलेल्या रंगीत जिन मला या कामाला पटत नाहीत. फुलाचा वास फुलातूनच यावा.

फूल आणि जुनिपर यांच्यामध्ये दुवा लागतो, आणि तो दुवा सापडायला मला दोन उन्हाळे लागले. आधी रोझमेरी ठेचून घातली. पेयाला कापराचा वास आला आणि चव काढ्यावर गेली. पुदिन्याने फूल झाकलं. मग एकदा खिडकीतल्या कुंडीतलं थाइम चुरडलं आणि हाताला ओव्याचा वास आला. दोन्हींत थायमॉल नावाचं एकच द्रव्य असतं, हे मला त्यानंतर कळलं. परक्या स्वयंपाकघरात अचानक आपल्या मिसळणाच्या डब्याचा वास यावा, तसं झालं. जुनिपरची राळ आणि फुलाचा मध या दोघांशी थाइमचं जमतं. फक्त ते ठेचायचं नाही. तीन-चार कोवळ्या काड्या दोन तळव्यांत ठेवून एकदा टाळी वाजवायची, बस.

माझं पेय 'सावर' (इंग्रजीत 'आंबट') या प्रकारातलं, आणि हा प्रकार जुना आहे. १८६२ साली अमेरिकेत जेरी थॉमस या बारटेंडरने छापलेल्या पाककृतींत जिन सावर आहेच. मद्य, लिंबू, साखर, एवढ्याच गोष्टी. माझं एका ग्लासाचं माप असं: पन्नास मिलिलिटर जिन, पंचवीस मिलिलिटर ताजा लिंबाचा रस, पंचवीस मिलिलिटर कॉर्डियल, अर्ध्या अंड्याचा पांढरा भाग आणि थाइम. इथलं पिवळं लिंबू मोठं आणि आपल्या कागदी लिंबाहून सौम्य असतं. कागदी लिंबू वापरणार असाल तर वीस मिलिलिटरवर थांबा आणि चाखून बघा. बाटलीतला रस नको. या पेयात लिंबाला लपायला जागा नाही.

कच्चं अंडं म्हटल्यावर माझ्या सासूबाई फोनवर गप्प झाल्या होत्या, आणि त्यांची काळजी रास्तच होती. इथे अंड्यांवर सिंहाचा लाल शिक्का असतो. तसा शिक्का असलेली अंडी कच्ची किंवा अर्धी कच्ची खायला गरोदर बायका आणि लहान मुलांनाही हरकत नाही, असं इथल्या अन्न मानक संस्थेने २०१७ मध्ये सांगितलं. (दारूचा प्रश्न अर्थातच वेगळा, ती गरोदरपणात नकोच.) ज्यांना अंडं चालत नाही त्यांच्यासाठी डबाबंद छोल्यांचं पाणी, दोन मोठे चमचे. माझी शाकाहारी मैत्रीण आली की मी तेच वापरते. फेस अंड्याइतकाच उभा राहतो, छोल्यांची चवही लागत नाही.

फेस कशासाठी, हे मला विचाराल तर मी बराच वेळ बोलेन. घुसळल्यावर अंड्यातली प्रथिनं उलगडतात आणि हवेचे बुडबुडे धरून ठेवतात, लिंबाच्या आंबटपणाने ती जाळी आणखी टिकते. त्यामुळे जिनचा तिखटपणा जिभेला मऊ लागतो. त्यात दोनदा घुसळणं महत्त्वाचं. सगळं शेकरमध्ये, म्हणजे पेय घुसळायच्या धातूच्या झाकणबंद डब्यात घालून, आधी बर्फाशिवाय, पंधरा सेकंद जोरात. या वेळी झाकण हाताने घट्ट दाबून धरा, कारण बर्फाने धातू आवळला जातो तसं आता होत नाही आणि झाकण उडू शकतं. मग शेकर बर्फाने भरून पुन्हा बारा-पंधरा सेकंद, बाहेरून हात गारठेपर्यंत. शेकर नसेल तर घट्ट झाकणाची मुरंब्याची बरणी चालते. थाइमची पानं ग्लासात येऊ नयेत म्हणून चहाच्या गाळणीतून गाळायचं, थंड करून ठेवलेल्या ग्लासात. अर्ध्या मिनिटात फेस वर येऊन थर लावतो. त्यावर देठ काढलेली चार फुलं ठेवायची. ग्लास तोंडाशी नेला की आधी नाकाला फूल भेटतं, मग जिभेला लिंबू, आणि घोट गिळल्यावर मागून जुनिपर आणि ओव्यासारखी ती उबदार चव.

मी एकच ग्लास घेते. अठराव्या शतकात जिनने लंडनची गरीब वस्ती इतकी पोखरली, की १७५१ मध्ये संसदेला तिच्या विक्रीवर निर्बंध घालणारा कायदा करावा लागला. 'मदर्स रुइन', म्हणजे आईचा नाश, हे तिचं टोपणनाव आजही इथल्या माणसांना ठाऊक आहे. चाळीस टक्क्यांची पन्नास मिलिलिटर जिन म्हणजे दारू मोजायच्या इथल्या हिशेबात दोन युनिट, आणि आठवड्याला चौदाच्या वर जाऊ नये असा इथल्या आरोग्य अधिकाऱ्यांचा सल्ला आहे. माझे मिस्टर दारू घेत नाहीत. त्यांच्यासाठी जिनऐवजी तेवढाच थंड सोडा, तोही घुसळून झाल्यावर वरून ओतायचा. फेस सोड्यावर उंच चढतो आणि दिसायला त्यांचाच ग्लास जास्त देखणा असतो.

यंदा पाऊस लांबला आणि एकच कोरडा आठवडा मिळाला. आजींचा गुडघा दुखत होता, म्हणून फुलं मी एकटीने आणली. देठ कापायला मात्र त्या माझ्या ओट्यापाशी खुर्ची घेऊन बसल्या. साडेनऊ वाजले तरी बाहेर उजेड होता. चार बाटल्या झाल्या. दोन त्यांच्या, दोन माझ्या. शिवाय एक ट्रे गोठवलाय डिसेंबरसाठी, जेव्हा दुपारी चारच्या आतच इथे अंधार पडतो.