जोडीदार डिप्रेशनवर स्वतःच सायकेडेलिक्स घेत असेल तर

समजावून, भांडून झालं, तरी जोडीदार सायकेडेलिक्स (भास घडवणारी, मनाची अवस्था बदलणारी द्रव्यं) घ्यायचा थांबणार नाही, असं धरून हे लिहिलंय. यात तुम्ही थेरपिस्ट व्हायचं नाही. चालू गोळ्या, ट्रिपचे (म्हणजे द्रव्याचा अंमल असतानाचे) तास आणि नंतरचे आठवडे, इतकंच तुमच्याकडे.

आधी गोळ्या. लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) चालू असताना सायलोसायबिन (‘मॅजिक मशरूम’मधलं द्रव्य) किंवा एलएसडी घेतलं तर फिट येऊ शकते; तिथे चर्चाच नको. आयाहुआस्का या वनस्पतींच्या काढ्यात एमएओ (सेरोटोनिनसारखी रसायनं मोडणारं शरीरातलं एन्झाइम) रोखणारी द्रव्यं असतात, त्यामुळे एसएसआरआय (डिप्रेशनवरच्या नेहमीच्या) गोळ्यांबरोबर सेरोटोनिन सिंड्रोमचा, म्हणजे शरीरात सेरोटोनिन घातक प्रमाणात वाढण्याचा, धोका असतो. जोडीदाराला स्वतःला किंवा त्याच्या रक्ताच्या नात्यात कुणाला बायपोलर (मूडचे टोकाचे चढउतार) किंवा सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं) असेल, तर ट्रिपमधून तोच आजार उफाळू शकतो.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो मात्र वेगळ्याच कारणाने. एसएसआरआय चालू असताना मशरूमचा परिणाम बऱ्याचदा फिका पडतो, म्हणून माणूस गुपचूप गोळ्या बंद करतो. मग चक्कर, डोक्यात करंटसारखे झटके, झोप उडणं, चिडचिड. पॅरॉक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन सोडताना हे विशेष जाणवतं. त्यातच जुनं नैराश्य परत येतं आणि खापर फुटतं ट्रिपवर. गोळी कमी करायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

ट्रिपच्या दिवशी एक माणूस पूर्ण शुद्धीत हवा. सायलोसायबिन चार ते सहा तास चालतं, एलएसडी आठ ते बारा, कधी त्याहून जास्त. तासाभरात ‘काहीच होत नाहीये’ म्हणून आणखी घेणं हा नेहमीचा घोळ. दुसरा डोस नाही, हे आधीच ठरवा. गाडीची चावी बाजूला, बाल्कनीचं दार बंद, दारू नाही. घाबरला तर वाद घालू नका, अर्थ लावू नका. ‘मी इथे आहे, हे औषधामुळे होतंय, उतरेल’ एवढं पुरतं. स्पर्श चालेल का, हे आदल्या दिवशी विचारून ठेवा. नात्यातले हिशोब त्या दिवशी काढायचे नाहीत, आणि शरीरसंबंधही नाही, कारण त्या अवस्थेतल्या होकाराला अर्थ नसतो.

फिट, बेशुद्धी, छातीत दुखणं, जीव द्यायची भाषा, किंवा ताप येऊन अंग ताठरणं आणि स्नायू उडणं: यातलं काहीही दिसलं की अ‍ॅम्ब्युलन्स. बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवा. काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगा. बहुतेक देशांत हे बेकायदा आहे, पण त्या भीतीने माहिती लपवली तर उपचार चुकतात.

खरं काम यानंतर सुरू होतं. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी २५ मिलिग्रॅम सायलोसायबिन एकदाच दिलं, तेही थेरपिस्टच्या सोबतीने. तीन आठवड्यांनी ३७ टक्के लोकांना ठळक फरक होता. बारा आठवड्यांपर्यंत तो टिकला एकूण लोकांपैकी २० टक्क्यांचाच. म्हणजे सगळी व्यवस्था असतानाही सुधारणा ओसरते. घरी तसं झालं की ‘माझ्यावर हेही चाललं नाही’ असं वाटतं, आणि ते वाटणं फार घातक.

म्हणून दर दोन आठवड्यांनी पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली जोडीदाराकडून भरून घेऊन आकडा वहीत लिहा. एकूण गुण पाचने वाढले, किंवा नवव्या प्रश्नाला (मरणाचे, स्वतःला इजा करण्याचे विचार) शून्याखेरीज काही उत्तर आलं, तर डॉक्टरांना फोन. हा करार ट्रिपच्या आधी, दोघांच्या सहीने. उलट बाजूही बघा: सलग दोन-तीन रात्री तीनच तास झोप, तरी ताजातवाना, बोलणं सुसाट, पैसे उधळणं. घरच्यांना वाटतं, बरा झाला! हा मॅनिया (नैराश्याच्या उलट टोकाचा, अति उत्साहाचा आजार) असू शकतो. त्याच दिवशी सायकिअ‍ॅट्रिस्टला गाठा.

आणि तुम्हाला सोबत बसायचं नसेल तर नाही म्हणा. विकत आणणं, घरात ठेवणं यालाही नाही म्हणता येतं. फक्त ते चार दिवस आधी सांगा, म्हणजे शुद्धीत राहणारा दुसरा कुणी मिळेल, नाहीतर बेत पुढे ढकलला जाईल.