सव्वीस, साडेसत्तावीस आणि मधली मोकळी जागा

सायकलच्या टायरवर छापलेल्या आकड्यावर माझा आता काडीचा विश्वास राहिलेला नाही. २६, २७.५, २९. वाचताना वाटतं दीड-दीड इंचाच्या सारख्या पायऱ्या आहेत, पण टायर काढून रिमवर टायरची कड जिथे बसते तिथला व्यास बघितला तर तो निघतो ५५९, ५८४ आणि ६२२ मिलीमीटर. म्हणजे २६ वरून २७.५ ला जाताना वाढणार २५ मिमी, जेमतेम एक इंच, आणि तिथून २९ ला जाताना एकदम ३८. दोघांच्या बरोब्बर मधला म्हणून जो साइज विकला गेला तो मध्ये नाहीचे, सव्वीसच्या शेजारीच खुर्ची टाकून बसलाय. आणि व्यास २५ ने वाढला म्हणजे त्रिज्या साडेबाराने, म्हणजे सायकल जमिनीपासून उचलली जाणार फक्त साडेबारा मिलीमीटर. एवढ्यासाठी माणसं पैसे खर्च करतात का? करतात. मी केले, माझ्या सव्वीसच्या सायकलला साडेसत्तावीसची चाकं बसवून.

माझी हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल, त्या काळातली, जेव्हा माउंटन बाइक म्हणजे २६ च, चाकाचा साइज विचारून सायकल घ्यायची असते हेच कुणाच्या डोक्यात नव्हतं. ॲल्युमिनियमची फ्रेम, पुढे १०० मिमीचं सस्पेन्शन, दोन्हीकडे डिस्क ब्रेक, मागे आठ गिअरची कॅसेट. फ्रेम अजून ठणठणीत आहे, एक तडा नाही. म्हणजे सायकल म्हातारी झाली नव्हती, तिचा साइज म्हातारा झाला होता. साधं २६ चं टायर आपल्याकडे कुठल्याही गल्लीत मिळतं, पण ते जड आणि टणक. जरा हलकं, चांगली पकड असलेलं मागायला गेलं की दुकानदार म्हणणार, "मॅडम, त्यात आता असलं नाही येत, साडेसत्तावीसमध्ये दाखवू का?" जसं काही मी चपला घ्यायला आलेय आणि एक नंबर मोठा घातला तरी चालून जाईल.

गंमत म्हणजे २६ हा साइज कुणी अभ्यास करून वगैरे ठरवलेलाच नव्हता. कॅलिफोर्नियात मॅरिन काउंटीतली पोरं १९७० च्या दशकात डोंगरावरून सुसाट खाली यायची ती अडगळीतून काढलेल्या जुन्या जाडजूड सायकलींवर. श्विन कंपनीने १९३३ मध्ये अमेरिकेत आणलेलं ते फुगीर बलून टायर, तीच ही चाकं, रिम ५५९ मिमी. १९७६ मध्ये फेअरफॅक्सजवळ त्यांची ती प्रसिद्ध रिपॅकची शर्यत सुरू झाली, आणि नाव रिपॅक का, तर उलटं पायडल मारून लागणारा मागच्या चाकाच्या मधल्या हबमधला ब्रेक उतारावर इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि खाली पोचल्यावर हब उघडून नवं ग्रीस भरायला लागायचं. त्यांच्यातल्याच जो ब्रीझने १९७७ मध्ये खास डोंगरासाठी म्हणून फ्रेम बांधली तीही याच चाकांसाठी, कारण जाडं टायर मिळायचं ते यातच. बास, एवढंच. पुढची तीस-पस्तीस वर्षं अख्खं जग या भंगारातल्या मापावर डोंगर चढलं आणि उतरलं.

बरं ५८४ तरी कुठे नवीन आहे! फ्रान्समध्ये लांब पल्ल्याच्या सायकलींना ते माप ६५०-बी या नावाने कधीपासून होतंच. २००७ मध्ये कर्क पॅसेंटी या अमेरिकन माणसाने त्यात माउंटन बाइकचं खडबडीत टायर काढलं, २०१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत पीटरमारित्झबर्गला स्वित्झर्लंडच्या नीनो शुर्टरने त्यावर वर्ल्ड कपची शर्यत मारली, आणि मग सगळ्या कंपन्यांना एकदम साक्षात्कार झाला. त्याच वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये शुर्टर रौप्यावर राहिला आणि सुवर्ण नेलं यारोस्लाव कुल्हावीने, तेही २९ वर, पण तोवर कारखान्यांचं ठरलं होतं, आणि २०१४ च्या मॉडेल्समध्ये जायंटसारख्या मोठ्या कंपनीतून २६ जवळजवळ गायबच. आता बघा तर क्रॉसकंट्रीवाले सगळे २९ वर गेलेत आणि २७.५ हळूहळू मागच्या चाकापुरतं उरायला लागलंय, कारण २०१९ पासून शर्यतीत पुढे मोठं आणि मागे लहान चाक चालतं. म्हणजे मी काय करत होते, तर जुन्या झालेल्या साइजवरून जुन्या होऊ घातलेल्या साइजवर जात होते, आणि हे मला आधीपासून पक्कं माहीत होतं. (आजोबांच्या काळ्या सायकलला २८ × १½ चं टायर होतं, त्याची रिम ६३५, म्हणजे आजच्या मिरवणाऱ्या २९ च्या रिमहून १३ मिमी मोठी. त्यांनी त्याचा कधी गाजावाजा केला नाही.)

तर प्रश्न होता बसतील का. यात इंटरनेटवरच्या ज्ञानाचा फारसा उपयोग नाही, प्रत्येक फ्रेमचं वेगळं. व्ही-ब्रेक, म्हणजे रिमला रबर दाबणारे, असते तर विषय तिथेच मिटला असता, कारण रिम वर सरकली की ब्रेकचं रबरही साडेबारा मिमी वर न्यायला लागतं आणि तेवढी खाच बहुतेक ब्रेकना नसते. डिस्कला रिमशी काही घेणंदेणं नाही, डिस्क हबला, हब जागच्या जागी. मग राहते फक्त मोकळी जागा. मागच्या एक्सलच्या मध्यापासून बॉटम ब्रॅकेटच्या (पायडलचा आस बसतो त्या नळीच्या) मागे जो आडवा पूल असतो तिथपर्यंत माझ्या फ्रेमवर अंतर भरलं ३५२ मिमी. २६ × २.१ चं टायर (२.१ ही जाडी, इंचात) हवेसकट साधारण ३३२ खातं, २७.५ × २.१ खातं ३४५. म्हणजे आधी १९-२० मिमी मोकळे होते ते आता सात. शिवाय टायरचा सगळ्यात जाड भाग पुढे सरकतो, आणि मागचा चिमटा नेमका तिकडेच निमुळता होत जातो, त्यामुळे बाजूनेही बघायला लागतं.

मला त्या वीस मिलीमीटरचं फार कौतुक वाटायला लागलंय. ते कशासाठी सोडले होते? चिखलासाठी. कुणा तरी डिझायनरने तैवानमध्ये नाहीतर चीनमध्ये बसून, जो चिखल त्याने कधी पाहिला नाही आणि पाहणारही नाही, त्याला जायला वाट ठेवली, आणि इतक्या वर्षांनी त्याच रिकाम्या जागेच्या जिवावर माझी सायकल दुसऱ्या मापात जाऊ शकत होती. फ्रेमच्या नळ्या कितीही भारी असू देत, ठरलं ते जिथे काहीच नव्हतं तिथे. नव्या सायकलींमध्ये सगळं इतकं अचूक बसवलेलं असतं की पुढे त्यांना दुसरं काही व्हायचं झालं तर जागाच नाही.

आमच्याकडच्या सायकलवाल्या काकांना सांगितलं तर त्यांनी आधी सायकलकडे बघितलं, मग माझ्याकडे. "अगं, चांगली पळतीये की. उंच दिसायचंय का तुला?"

"काका, साडेबारा मिलीमीटरच वाढणारे."

"मग कशाला?" या प्रश्नाला उत्तर नव्हतं, पण काका कामाला लागले.

पुढचं खरं दुखणं सस्पेन्शन. चाक उभं असताना सगळं छानच दिसतं, पण खड्ड्यात पुढचा चिमटा, म्हणजे फोर्क, पूर्ण दबला की टायर वर जाऊन त्याच्या क्राउनला, म्हणजे वरच्या आडव्या जोडाला, टेकता कामा नये, कारण उतारावर ते टेकलं तर पुढचं चाक जागेवर थांबतं आणि आपण थांबत नाही. म्हणून वरची टोपी उघडून आतली स्प्रिंगच बाहेर काढायची, मग फोर्क हाताने तळाला जाईपर्यंत दाबायचा आणि फट बघायची. ही एकच गोष्ट अशी आहे की जिच्यात अंदाज चालत नाही. माझ्याकडे पाच मिमी उरले. फार नाहीत, पण टायर फिरतं आणि टेकत नाही. याच्या वरचं २.२५ वगैरे टायर विसरायचं.

चाकं मी नवी आयती घेतली नाहीत. हल्ली २७.५ ची बरी चाकं बघायला जावं तर थ्रू-ॲक्सलवाली (आरपार जाड आस घालायची), मागच्या हबची रुंदी १४२ नाहीतर १४८ मिमी, आणि माझी फ्रेम जुन्या १३५ च्या क्विक रिलीजवाली (छोटी दांडी उघडून चाक काढायचं). जुने हब ठेवून नव्या रिम घालता आल्या असत्या, पण मग आधीची चाकं मोडली असती आणि ते मला नको होतं. मग पुण्यात नाना पेठेत फिरून १३५ चे हब शोधले, रिम आणल्या, आणि स्पोक आधीच्यापेक्षा साधारण बारा मिमी लांब. दोन चाकांचे मिळून ६४ स्पोक. काकांनी सायकल उलटी करून, ब्रेकपाशी खडू धरून आऊट काढला, आणि ती संध्याकाळ मात्र वसूल होती. चाक आधी लडखडत फिरतं, काका स्पोकच्या टोकाचं निपल पाव फेरा इकडे पाव फेरा तिकडे करतात, काहीच झालंय असं वाटत नाही, आणि मग कधीतरी ते सरळ फिरायला लागलेलं असतं. नेमकं कुठल्या फेऱ्याला हे शेजारी बसूनही कळत नाही.

आता, फरक पडला का? वेताळ टेकडीवर खाणीच्या बाजूने जाताना सायकल दगडांवरून मऊ चालते, हे नक्की. पण कागदावर मांडलं तर आठ सेंटीमीटरच्या दगडाला चाक ज्या कोनात भिडतं त्यात फरक पडतो एका अंशाहूनही कमी. म्हणजे तो मऊपणा बराचसा नव्या टायरचा आहे, चांगल्या रबराचा आणि कमी हवेचा, आणि तो २६ मध्येही मिळाला असता जर कुणी ते टायर विकत असतं तर. बाकी हिशेब खरे निघाले. पायडल दगडांना कमी घासतात. हँडल जरा स्थिर झालंय. गिअर चार टक्क्यांनी जड झाले, सिंहगडाच्या चढावर एक पूर्ण गिअर उतरवण्याइतके नाहीत, पण मांड्यांना पत्ता लागतो. आणि सिग्नलला थांबल्यावर ते साडेबारा मिमी बरोब्बर माझ्या पायाच्या बोटांखालून गेलेले असतात, काकांचं म्हणणं अगदीच वाया गेलं नाही.

पण सात मिलीमीटरमध्ये पावसाळा बसत नाही. जून लागला की टेकडीची लाल माती एकवेळ ठीक, मुळशीकडच्या शेताच्या बांधावरची काळी माती अशी चिकटते की चाकाबरोबर फिरून त्या पुलापाशी साचत जाते आणि शेवटी चाकच फिरायचं थांबतं, मग सायकल खांद्यावर. म्हणून आधीची २६ ची चाकं मोडली नव्हती. पाऊस सुरू झाला की ती जोडी परत चढवायची, दोन क्विक रिलीज, मागच्या ब्रेकच्या कॅलिपरचे दोन बोल्ट जरा सैल करून डिस्क मध्ये घ्यायची, की झालं. दिवाळीच्या आसपास पुन्हा साडेसत्तावीस. बिनकामाची जोडी पलंगाखाली असते, त्यावर घरात अधूनमधून चर्चा होते, ती आपण सोडून देऊ.

एकच कटकट आहे ती मीटरची. माझा मीटर जुना, स्पोकला चुंबक लावलेला, त्याला चाकाचा परीघ सांगायला लागतो, २६ × २.१ ला २०६८ मिमी आणि २७.५ × २.१ ला २१४८. दिवाळीत मोठी चाकं चढवून आकडा तसाच ठेवला तर शंभर किलोमीटर मारून मीटरवर दिसणार शहाण्णव, आणि हे सहन होण्यासारखं नाही, त्यामुळे तेव्हा पहिलं काम तेच करते, चाक लावायच्याही आधी. जूनमध्ये उलटं होतं, लहान चाकावर मोठा आकडा, शंभराचे एकशेचार दिसतात. तेव्हा मी घाई करत नाही.