हवा उतरते, मॅडम
उरणमध्ये दवाखाना चालवायचा म्हणजे न्हावा शेव्याच्या ट्रेलरची रांग पाहायची सवय होतेच. पण 29 जून 2017 ची रांग वेगळी होती. दोन दिवसांपूर्वी जगभर झालेल्या सायबर हल्ल्यात बंदरातल्या एका टर्मिनलची संगणक यंत्रणा बंद पडली होती, आणि कंटेनर घेऊन आलेल्या गाड्या रस्त्यावरच अडकल्या होत्या.

दुपारी एक तरणा ड्रायव्हर भिजून चिंब असा दारात उभा राहिला. "मॅडम, मागच्या गाडीतल्या काकांना दम लागलाय. बोलता येईना."

"मग घेऊन या ना त्यांना."

"गाडी सोडून येत नाहीत ते."

बॅग घेतली आणि स्कूटरवरून निघाले.

केबिनमध्ये चढले तर आत भट्टी. पावसामुळे काचा वर, एसीचा प्रश्नच नाही, आणि इंजिन सीटच्या बाजूलाच धडधडतंय. गिअरच्या दांड्याभोवतीचं रबर फाटलेलं, त्यात जुनी बनियन कोंबलेली. तरी तिथून धूर येतच होता. काका आष्टी तालुक्यातले, पन्नाशीचे, जुना दमा असलेले. केबिनमध्ये बसून 19 तास झालेले. छातीत शिट्ट्या वाजत होत्या, बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन 91.

"आधी इंजिन बंद करा."

"हवा उतरते, मॅडम."

एवढंच बोलून ते खोकत राहिले. बाकीचं त्या पोराने सांगितलं. ब्रेक हवेवर चालतात. जुन्या गाडीत कुठेतरी गळती असतेच, इंजिन बंद ठेवलं की टाकीतली हवा उतरते. रांग हलली की पुन्हा ती भरेपर्यंत गाडी जागची हलत नाही, तेवढ्यात मागचा पुढे घुसतो. सीलबंद कंटेनर सोडून दवाखान्यातही येता येत नाही. क्लिनर नाही, माल कोण राखणार? रांगेत जळणारं डिझेल मालक खेपेच्या हिशेबात धरत नाही, ते ड्रायव्हरच्या भत्त्यातून जातं. म्हणजे हा माणूस स्वतःच्या पैशाने स्वतःच्या छातीत धूर भरत होता. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2012 मध्येच जाहीर केलंय. पण त्या केबिनमध्ये ते कुणाला सांगणार होते मी?

श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या सालब्युटामॉलचा पंप बॅगेत होता, पण औषध नीट आत जावं म्हणून पंपाला लावायची पोकळ नळी, म्हणजे स्पेसर, नव्हता. डॅशबोर्डवर पाण्याची अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली होती. तिच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडलं, पंप घट्ट बसवला, बाटलीचं तोंड त्यांच्या ओठांत दिलं. एक दाब, चार-पाच संथ श्वास. पुन्हा एक दाब.

तोवर त्या पोराने पुढच्या-मागच्या गाड्यांना हात करून इंजिनं बंद करवली. नऊ-दहा ट्रेलर एकदम गप्प झाले. टपावर पडणारा पाऊस ऐकू आला. वीस मिनिटांत ऑक्सिजन 96 वर आला.

"पाणी किती प्यायलात सकाळपासून?"

"पीत नाही. जायचं कुठं?"

त्या रात्री मी कायदा काढून वाचला. तेव्हा लागू असलेल्या 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास काम, पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. पण टर्मिनसवर नुसतं थांबून राहण्याचा वेळ 15 मिनिटांहून कमी असेल तरच कामात धरायचा. काकांचे 19 तास मग कशात धरायचे? मला आजही या गोष्टीचा संताप येतो. सगळे धुराबद्दल बोलतात, त्या धुरात बसलेल्या माणसाच्या तासांबद्दल कुणी बोलत नाही; आणि रांग तुटल्याशिवाय इंजिन बंद होणार नाही.

नंतर काही बदललं. बंदराने ट्रेलरसाठी मोठा वाहनतळ केला. 1 ऑक्टोबर 2025 पासून नव्याने बनणाऱ्या जड ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली. त्याच्या आधीच्या महिन्यात बंदरात बॅटरी बदलता येणारे इलेक्ट्रिक ट्रक आले. माझ्याकडे येणारे ड्रायव्हर मात्र अजून जुन्याच गाड्यांवरचे.

त्या रांगेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोन आला होता. "गेटातून आत आलो, मॅडम. इथं संडास आहे. पोटभर पाणी प्यायलो."