सुतळी अर्धा मीटर उरली, उत्तर म्हणतं दोन तृतीयांश

सहावीला अपूर्णांकांचा भागाकार शिकवताना आकडेमोडीची अडचण फारशी येत नाही. भाजक उलटा करायचा आणि गुणायचं, एवढं एका तासात जवळजवळ सगळ्या वर्गाला जमतं. अडतं ते आधीच्या पायरीवर. दुसरी-तिसरीपासून आपण भागाकाराचं एकच चित्र मुलांच्या डोक्यात बसवलेलं असतं: बारा चिकू, चार मुलं, प्रत्येकाला किती? भाजक पूर्ण संख्या असेपर्यंत हे चित्र साथ देतं. पाऊण भाकरी तिघांत वाटली, प्रत्येकाला पाव आली, कुणाचीच तक्रार नसते. पण सहा भाकऱ्या अर्ध्या माणसाला वाटायच्या कशा? मग '६ भागिले १/२' लिहिलं की मुलं निमूट निम्मं करतात आणि तीन उत्तर काढतात. तिथे वाटणी सोडून दुसरा प्रश्न विचारावा लागतो: सहामध्ये अर्धा किती वेळा मावतो? बारा वेळा. भागलं तरी उत्तर वाढलं, हे पाहून वर्गात जी कुजबुज सुरू होते ती मला फार मोलाची वाटते. 'उलटा करा, गुणा' हे आधीच सांगून टाकणारे शिक्षक मुलांची ती कुजबुज हिरावून घेतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

साधन म्हणून मी सुतळी वापरते. गणित पेटीतल्या गोल चकत्या एका पूर्णाचे भाग दाखवायला चांगल्या, पण पाचमध्ये पाऊण किती वेळा बसला हे चकतीवर दिसत नाही, लांबीवर दिसतं. त्यातही काळजी घ्यावी लागते. सुतळी हातात ताणून मोजली की माप फसतं, म्हणून ती फरशीवर सैल सोडायची, खडूने खूण करायची आणि मगच कात्री लावायची. शाळेतल्या लाकडी मीटरपट्ट्यांची टोकं झिजलेली असतात. तेव्हा शून्याऐवजी दहाच्या खुणेपासून मोजायचं.

त्या दिवशीचं उदाहरण मुलांनीच आणलं होतं, बाजारात मिळणाऱ्या एका गाईडातलं. ५ मीटर सुतळीचे पाऊण मीटरचे किती तुकडे होतील आणि किती सुतळी उरेल? खाली छापील उत्तर होतं: ६ तुकडे, २/३ मीटर सुतळी उरेल.

वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी फळ्याजवळ आली. ५ गुणिले ४/३, बरोबर २०/३, म्हणजे ६ पूर्णांक २/३. अक्षर सुरेख, पायऱ्या चोख. "सहा तुकडे आणि दोन तृतीयांश मीटर उरली," तिने सांगितलं. गाईडाशी उत्तर जुळलं, वर्गाने माना डोलावल्या.

मागे बसणाऱ्या एका मुलाने वही उघडलीच नव्हती. त्याच्या वडिलांचं आठवडी बाजारात कापडाचं दुकान लागतं आणि सुट्टीच्या दिवशी हा त्यांच्याबरोबर असतो. तो बोटांच्या पेरांवर मोजत होता: पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, पावणेचार, साडेचार. मग म्हणाला, "मॅडम, अर्धा मीटर उरते." ही पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे सगळं एके काळी शाळेतच पाठ करून घेत. आमच्याकडून ते गेलं, पण बाजारात गज धरणाऱ्यांकडे अजून आहे.

आम्ही सुतळी कापली. ७५ सेंटीमीटरचे सहा तुकडे फरशीवर ओळीने मांडले आणि उरलेला तुकडा मीटरपट्टीवर ठेवला. पन्नास सेंटीमीटर भरला.

मुलगी म्हणाली, "कापताना चुकलं असेल, मॅडम. परत मोजू." परत मोजलं. पन्नास. "पट्टी झिजलीय." मग दहाच्या खुणेपासून मोजलं, साठवर थांबलं. ती गप्प झाली, पण तिला पटलं नव्हतं. एकदा वहीकडे बघे, एकदा सुतळीकडे. तिचे डोळे भरून आले. मला आजही तीच गोष्ट सतावते. ती हट्टी नाही, उलट फार समजूतदार आहे. पण समोर पडलेल्या सुतळीपेक्षा तिला रीत जास्त खरी वाटत होती, कारण रीतीने तिला आजवर कधी दगा दिला नव्हता. मोजमापावर मात्र आम्ही तिला कधी भिस्त ठेवायलाच लावली नाही.

मी उत्तर सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "दोन तृतीयांश, पण कशाचे?" पाऊण मीटरचा एक तुकडा घेऊन तिला त्याचे तीन सारखे भाग करायला लावले. २५ आणि ५० वर तिने स्केचपेनने खुणा केल्या. मग उरलेला तुकडा शेजारी लावला. त्याचं टोक बरोबर दुसऱ्या खुणेपाशी आलं. ती बराच वेळ त्या खुणेकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "हे तुकड्याचे दोन तृतीयांश आहेत. मीटरचे नाहीत." मागून प्रश्न आला, "म्हणजे माझंपण बरोबर?" त्याचं आणि तिचं हे नवं उत्तर, दोन्ही बरोबर होतं, चूक होतं ते छापील उत्तर. उरलेली सुतळी मीटरने मोजली तर १/२, तुकड्याने मोजली तर २/३. रीत आपल्याला तुकड्यांत उत्तर देते आणि आपण त्याला मीटर चिकटवून मोकळे होतो.

खरं तर याचं मूळ पूर्ण संख्यांतच आहे. २३ भागिले ५ केलं की चौथीत '४, बाकी ३' लिहितात आणि पुढे तेच ४ पूर्णांक ३/५ होतं. बाकीतले ते तीन सुटे असतात आणि ३/५ हा पाचाच्या गटाचा भाग असतो. हा बदल झाला कधी, हे मुलांना कुणी थांबून सांगत नाही.

मधल्या सुट्टीत एका सहकाऱ्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, "गाईडात जे आहे तेच लिहू द्या, मॅडम. परीक्षेत पर्याय येतात. पालक भांडत येतात ते वेगळंच." माणूस कष्टाळू आहे, पण या वृत्तीचा मला राग येतो. चूक छापली म्हणून ती खरी होत नाही. आणि उत्तरसूची बाहेर पाठवण्याआधी कुणी एकदा सुतळी कापून बघायला हरकत काय?

आमचा चाळीसगाव तालुका. पाटणादेवीला सहल जातेच. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ स्थापल्याचा शिलालेख पाटणला आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या लीलावती या गणिताच्या ग्रंथात भाजकाचे अंश-छेद उलटून गुणायची हीच रीत आहे आणि पाचाला २ पूर्णांक १/३ ने भागण्याचं उदाहरणही आहे. दुसऱ्या दिवशी मी तेच सुतळीवर घातलं.

या वेळी मुलगा अडला. पाऊणकी आणि सवायकी पावाच्याच पटींत चालतात, तृतीयांशाला त्याच्याकडे पाढा नव्हता. मुलीने १५/७ काढलं, २ पूर्णांक १/७ केलं, आणि थांबली. मग स्वतःहूनच विचारलं, "हा सातवा भाग तुकड्याचा ना?" पाचातून ४ पूर्णांक २/३ वजा करून तिने शेजारी लिहिलं: १/३ मीटर. मग त्या मुलाला वही दाखवायला ती मागे जाऊन बसली. तो तिथे पुन्हा सुतळीच मागत होता.

पुढच्या आठवड्यात घटक चाचणी आहे. प्रश्नपत्रिका मीच काढते, म्हणून उरलेल्या सुतळीसाठी दोन रकाने ठेवलेत: किती मीटर, आणि तुकड्याचा कितवा भाग. एकच रकाना बरोबर भरणाऱ्याला किती गुण द्यायचे, हे माझं अजून ठरत नाही.