असई १८०३: पोहलमनची फळी अखेर वळली

मंडळी, फळी (लढाईसाठी मांडलेली सैन्याची रांग) वळली! शिंदे आणि इंग्रज यांच्यातली असईची लढाई मी छोट्या आकृत्यांनी मेजावर खेळतोय. मागच्या नोंदीतलं रडगाणं आठवत असेल. शिंद्यांच्या पायदळाचा जर्मन सेनापती पोहलमन याच्या पलटणी केळणा नदीच्या उत्तर काठावर दक्षिणेकडे तोंड करून मांडायच्या आणि त्या वळायच्या आत इंग्रज सेनापती वेल्स्ली पूर्वेकडून बाजूवर आदळायचा. खेळ तिथंच संपायचा.

२३ सप्टेंबर १८०३ ला असं झालं नव्हतं. वेल्स्लीला बाजूच हवी होती. पण पिंपळगावच्या उतारावरून (पायी पार करता येणाऱ्या उथळ जागेवरून) तो नदी ओलांडेपर्यंत शिंद्यांच्या कंपूंनी (कवायती पायदळाच्या तुकड्यांनी) मोहरा काटकोनात फिरवला, उजवं टोक केळणेला आणि डावं जुई नदीकाठच्या असई गावाला टेकवलं. वेल्स्लीलाही एवढ्या सफाईची अपेक्षा नव्हती. हे मेजावर दिसणार नसेल, तर जालना जिल्ह्यातली ही लढाई मी खेळायचीच कशाला?

आधी पूर्वेचं टोक खिळवून अख्खी फळी दारासारखी डावीकडे फिरवली. पश्चिमेचं टोक सरळ केळणेपलीकडे! चालीचं अंतर वाढवलं, तर पोहलमन खेळणारा दादा पहिल्याच फेरीत उतारावर पलटण नेऊन बसायला लागला. इतिहास त्यालाही पाठ आहे, त्याला दोष कसा देणार?

तोड निघाली ती फळी फिरवायचा नाद सोडल्यावर. आता प्रत्येक पलटण जागच्या जागी डावीकडे वळते, म्हणजे सगळ्यांची तोंडं पूर्वेला आणि पलटणी एकामागे एक. पुढची पलटण केळणेला चिकटून थांबते, मागच्या एकेक करून तिच्या डाव्या हाताला येऊन भिडतात. शेवटची असईच्या मातीच्या भिंतींपाशी पोचते. शिवाय वेल्स्लीची पहिली तुकडी उत्तर काठावर उभी राहीपर्यंत पोहलमनला हुकूमच देता येत नाही. दादानं कुरकूर केली, पण पहिल्याच डावात त्याच्या तोफांनी असईसमोर इंग्रजांची ७४वी हायलँडर (स्कॉटिश) पलटण भाजून काढली. खऱ्या लढाईतही ती तिथंच चिरडली गेली. काय समाधान वाटलं सांगू!

तोफांच्या बैलांचं मात्र अडलंय. पोळ्याच्या बाजारातली सगळ्यात लहान मातीची जोडीही १५ मिमी उंचीच्या गोलंदाजाशेजारी (तोफ डागणाऱ्या शिपायाशेजारी) फार मोठी दिसते. छापून मागवलेल्या रेझिनच्या बैलांची शिंगं पाकिटातच तुटून आली. तांब्याची बारीक तार लावून सुपरग्लूनं चिकटवतोय. मूळ शिंगांपेक्षा ती बरी दिसतात. रंगाला कॅमलचा अ‍ॅक्रिलिक पुरतो. बैल आणि जमिनीसाठी परदेशी बाटल्यांवर पैसे घालवू नका, ते इंग्रज शिपायांच्या लाल डगल्यांसाठी राखा. आणि आपल्या उन्हाळ्यात ओली पॅलेट (खाली ओला स्पंज असलेली रंगपाटी) हवीच, नाहीतर ब्रश उचलेपर्यंत रंगाची साल निघते.

पुढे म्हैसूरचं घोडदळ रंगवणार होतो. पण हे लिहिता लिहिताच विचार बदलला. खऱ्या लढाईत इंग्रज फळी पुढे सरकल्यावर मेल्याचं सोंग घेऊन तोफांखाली पडलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी त्याच तोफा इंग्रजांच्या पाठीवर डागल्या. हे मेजावर दाखवायला आडवे पडलेले गोलंदाज वेगळ्या छोट्या बेसवर हवेत. तोफ इंग्रजांच्या हाती पडली की उभे उचलायचे, आडवे ठेवायचे. फळी पुढे गेली की फासा टाकायचा. पाच किंवा सहा पडला तर गोलंदाज उभे! पण सगळ्याच तोफांना ही संधी द्यावी, की फक्त उजव्या टोकाच्या? घोडदळ थांबेल. १५ मिमीत आडव्या आकृत्या कुणी ओतत असेल, तर कळवा.