मुंबई–न्यूयॉर्क: अंतर, तास आणि तारखेचा घोळ

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे 12,550 किलोमीटर. मैलांत साधारण 7,800. एखाद्या ॲपवर 6,780 दिसलं तर ते सागरी मैल (1 सागरी मैल = 1.852 किमी), गोंधळू नका.

भिंतीवरच्या नकाशावर पट्टीने आखलेल्या सरळ रेषेवरून गेलात तर मात्र हेच अंतर 14,200 किलोमीटरच्या आसपास भरेल. त्यापेक्षा पृथ्वीगोल घ्या आणि दोन्ही शहरांवर दोरा ताणून धरा. दोरा सरळ पश्चिमेला जातच नाही. मुंबईहून तो उत्तरेकडे चढतो, रशियावरून जातो, आइसलँडजवळ 65 अंश अक्षांशाला टेकतो आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून खाली उतरतो. विमान अगदी याच रेषेवरून जाईल असं नाही. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा वळसे आले (दिल्लीकरांना जास्त, मुंबईकरांना कमी). अमेरिकन कंपन्यांना 2022 पासून रशियावरून जाता येत नाही.

आता वेळ. ताशी 900 किलोमीटर धरले तर 14 तास येतात, तिकिटावर असतात साधारण 16. तिकिटावरची वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची. धावपट्टीपुढची रांग, चढण, उतरण सगळं त्यात आलं. पण खरा फरक वाऱ्याचा. वरच्या थरात जोराचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून जाताना ते अंगावर येतात आणि येताना पाठीशी असतात. परतीला तास-दीड तास सहज वाचतो, हिवाळ्यात हे जास्त जाणवतं.

घड्याळाचं गणित करताना सगळं आधी भारतीय वेळेत मोजा, शेवटी एकदाच फरक वजा करा. रात्री 1:30 ला सुटलेलं विमान 16 तासांनी, म्हणजे आपल्या संध्याकाळी 5:30 ला पोचतं. न्यूयॉर्क उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे, म्हणून तिथे त्याच दिवशी सकाळचे 8. हिवाळ्यात साडेदहा तास मागे, म्हणून 7. तिथली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात. लंडनची मात्र मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, त्यामुळे मधल्या आठवड्यांत लंडनमार्गे जाणाऱ्यांनी लंडन–न्यूयॉर्कचा पाठ असलेला पाच तासांचा फरक धरू नये, तो तेव्हा चारच असतो.

सगळ्यात महाग पडणारी चूक अगदी साधी आहे. तिकिटावर 'शुक्रवार 01:30' असेल तर घरून गुरुवारी रात्रीच निघायचं. शुक्रवारी जेवून निघालात, तर विमान जाऊन जवळजवळ अख्खा दिवस झालेला असतो. परतीचं उलट: शुक्रवारी सकाळी 11:30 ला न्यूयॉर्कहून निघालेला माणूस मुंबईत उतरतो शनिवारी दुपारी 12 ते 1 च्या सुमारास, आणि इमिग्रेशन, सामान उरकून बाहेर यायला आणखी तासभर. घ्यायला जाणाऱ्याला शनिवार सांगा.